सुमनच्या कोंबड्यांचा हिरवा चारा

चहा घेता घेता ऐका, आमच्यावर पाणीचोरीचा आळ कसा आलता ते. त्या दुष्काळात गावच्या सोसायटीच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्यच मिळंना. मग आमच्या बायकोनं, सुमननं, मका भिजवून घमेल्यात मोड आणले. आठ दिसांत घमेली अशी हिरवीगार झाली की कोंबड्या तुटून पडायच्या.

गावात टँकरचं पाणी माणशी दोन घागरी. शेजारणीनं ती हिरवळ बघितली आन 'हे पाणी चोरतेत' म्हणत थेट सरपंचाला घेऊन आली.

सरपंच कडाडले, "लोकांना प्यायला पाणी न्हाई आन तुमी मका भिजवताव? उद्यापासून तुमचा टँकर बंद!"

मी तर घमेली पोत्यानं झाकायला लागलो. सुमन मात्र ठसक्यात म्हणाली, "ह्यांच्या आंघोळीचं पाणी हाय ते. परातीत बसवून घालते आंघोळ. साबणानं मोड सडतेत, म्हणून महिनाभर साबण लपवून ठिवलाय."

मी म्हणालो, "अगं, दुकानात साबण आला न्हाई म्हणत हुतीस ना?"

सरपंच दोन पावलं मागं सरले. टँकर चालू राहिला, पण आमची अंडी गावात कुणी घेईना. शेवटी हायवेवरल्या मांजरसुंब्याच्या ढाब्यावर दिली. तिथं कोंबडी काय खाते, ते कुणी इचारत न्हाई.