नासिमियू बाजारात गेलीय

नाही ओकुमु सर, नासिमियू बाजारात गेलीय, मघाशीच सांगितलं ना — बसा, चहा घ्या, नैरोबीहून किटालेपर्यंत हाडं खिळखिळी करून आलात. पण तिला समोर बसवून प्रश्न विचारायचेत म्हणे — का? तिच्या कामात काय खोट काढलीत? कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीचा प्रकल्प तुमच्या ऑनलाइन शाळेनंच दिला. भुसा घातला तर ऊब जास्त टिकते की राख घातली तर — करून बघा, मोजा, आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पाठवलं. तुमचं उत्तर, ‘अजून जमलं नाही, कारण शोध.’ शोधलं. पुन्हा ‘अजून नाही.’ अहो, ऊब धरून ठेवते ती भुशात अडकलेली हवा, हे डोक्यात शिरेपर्यंत माझं कपाळ ठणकायला लागलं — तिचं, तिचं कपाळ. मी आपली नुसती शेजारी बसायचे. आता असं बघू नका. आवाज माझा वाटतो? तिला सर्दी झाली होती. सगळ्याच रेकॉर्डिंगमध्ये? — असेल, जात नव्हती सर्दी.

आणि तुम्ही कोण हो विचारणारे? चर्चच्या भिंतीवर एवढा मोठा फलक लावलात — प्रत्येक मूल वेगळं, आम्ही प्रत्येकाला ओळखतो, त्याच्या त्याच्या चालीनं पुढे नेतो. ओळखता? मग पोरगी घर सोडून गेली, पावसाच्या आधी गेली, ते कळलं तुम्हाला? उलट शाबासकी आली — ‘नासिमियू, तुझी प्रगती पाहून आनंद झाला.’ ते वाचून मी हसत बसले, सर, चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली करपली तरी उठवेना.

हो, गेली. कंटाळली होती. म्हणायची, आई, बाकीच्या पोरी गणवेश घालून दंगा करत जातात, मी एकटी पडद्याशी काय बोलू? मी म्हटलं, फुकट मिळतंय, गप बस. एवढंच म्हटलं. आता तिकडे तुमच्या नैरोबीत लोकांच्या वेण्या घालते. रविवारी फोन येतो — ‘बरी आहे’ म्हणते आणि ठेवते. परत आली तर जागा असावी, नाव कापलं जाऊ नये, म्हणून मी करत राहिले सगळं. सहावीत शाळा सुटलेली बाई मी, अपूर्णांक दिसले की वही मिटून टाकायचे. आता नाही मिटत. त्याचं काय करणार तुम्ही? तेही पुसून टाकणार?

तिचा नंबर नाही देणार. तुम्ही फोन केलात तर तिला वाटेल, आईनं चहाडी केली. मग रविवारचाही बंद होईल. ठेवा तो कप, मी विसळते. चौकातली शेवटची मटाटू गाडी माणसांनी भरली की निघते, मग पुढची सकाळी. आणि हे बघा — नावाचं काय करायचं ते करा, पण टक्केवारीचा धडा लगेच बंद करू नका. अर्धा राहिलाय माझा.

जा आता.