पहिला मान

...आणि वर मलाच विचारतात, "श्यामकांत, तुम्ही होतात ना तिथे, मग अडवलं का नाही?" अहो, मी चहा प्यायला गेलो होतो! मुलुंडला जयवंतरावांच्या शेजारी राहतो, भिंतीला भिंत, रविवारचा चहा त्यांच्याकडे, त्यात कसला पसंतीक्रम आणि कसलं काय... पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मनात पाल चुकचुकली होती. मनात काय, खरीखुरी चुकचुकली, ट्यूबलाइटमागे! आमच्या जयवंतरावांनी टेबलावर बोट आपटलं, "कृष्ण कृष्ण" म्हणाले आणि परत टाइप करायला लागले.

तर त्यांची श्रुतिका. इंजिनिअरिंगच्या सीईटीला पंच्याण्णव पर्सेंटाइल! पोरीने चार दिवस बसून, जुने कटऑफ वहीत उतरवून चाळीस कॉलेजांची यादी केली. एक नंबरला अंधेरीचं, कंप्युटर. मिळणारच होतं हो, गेल्या वर्षी त्र्याण्णवला बंद झालेलं! घाटकोपरला मेट्रो धरून, एकदा जाऊन कॉलेजचं गेटसुद्धा बघून आली होती. यादी भरली आणि जरा अपूर्वाकडे गेली, मैत्रिणीकडे. जाताना म्हणाली, "बाबा, पाच वाजेपर्यंत मुदत आहे, मी चारला येते आणि कन्फर्म करते. ओटीपी तुमच्या फोनवर येईल, पण हात नका लावू हं."

हात नका लावू? जयवंतरावांना? जो माणूस नवा फ्रिज आणला तर त्यात पहिला नारळ ठेवतो? पहिला आंबा, पहिला पगार, लग्नाची पहिली पत्रिका, सगळं आधी कोकणात, गावच्या रवळनाथाला! आणि पोरीच्या आयुष्याची यादी, तिच्यात देवाचा मान नाही? बसले ना शोधायला. सापडलं! देवळापासून चार मैलांवर एक कॉलेज, नवंच, शाखा सिव्हिल. घातलं एक नंबरला. बाकीची चाळीस गुमान एकेक घर खाली सरकली.

रत्नप्रभावहिनी आतून ओरडल्या, "अहो, आणि ते मिळालं तर?"

"मिळतंय कुठे! पहिलं कधी कुणाला मिळालंय? मला तरी पहिली सांगून आलेली मिळाली का?"

आत पातेलं दणकन आपटलं.

तेवढ्यात स्क्रीनवर लाल चौकट. पहिला पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागेल, पुढच्या फेऱ्या बंद. मी म्हटलं, "जयवंतराव, हे काय लिहिलंय?" तर म्हणे, "असल्या लाल चौकटी आमच्या बँकेत रोज येतात, ओके म्हणायचं. अहो, मान म्हणून घातलंय. मिळतंय कुठे!" आणि मी... मी मान डोलावली हो! तोंडात बिस्किट होतं. ओटीपी आला, त्यांनी घातला, फॉर्म कुलूपबंद. पाल परत चुकचुकली.

चारला श्रुतिका आली. यादी बघितली. खुर्चीत बसली. "बाबा, तिथला कटऑफ चाळीस आहे. मला पंच्याण्णव आहेत. कंप्युटर यादी वरून खाली बघतो. पहिलं बसतंय? बसतंय. खाली येणारच नाही तो."

"मिळतंय कुठे," जयवंतराव म्हणाले. पण आवाज बारीक.

मग ते पाच दिवस! तुम्हाला सांगतो, वैऱ्यावरसुद्धा येऊ नयेत. जयवंतराव प्रवेशाच्या मदत केंद्रावर जाऊन आले, तिथल्या बाई म्हणाल्या, "सर, पहिली पसंती मिळावी म्हणून लोक नवस करतात, तुम्ही मिळू नये म्हणून आलात?" जयवंतराव देवासमोर बसून पुटपुटायचे, मिळतंय कुठे, मिळतंय कुठे... जप चाललाय असं वाटायचं. मला भिंतीतून ऐकू यायचं, झोप लागेना.

सहाव्या दिवशी मेसेज. "अभिनंदन! आपल्याला प्रथम पसंती मिळाली आहे."

जयवंतराव लहान मुलासारखे रडले हो. मग डोळे पुसून फोन लावला, गावच्या शिवदास गुरवाला, स्पीकरवर. "शिवदासा, देवाक गाऱ्हाणा घाल रे! ह्या काय झाला ता मागे घे म्हणान सांग!"

मग गुरव म्हणतो कसा, "मागे कसा घेवचा? दर जत्रेक नारळ ठेवन तूच सांगतंस मां? 'म्हाराजा, घर बंद पडलाहा, दिवो लावूक आमच्यातला कोणतरी येवंदे!' वीस वर्षां सांगतंस. आयकलान देवान!"

अहो, ते बोलायची पद्धत म्हणून बोलायचे! बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत मुंबईला. देवाला काय माहीत?

श्रुतिकाने फोन हातात घेतला. "शिवदासकाका, मी येते. दिवाही लावते. पण माझी सगळी स्वप्नं इथे होती, आणि मला एकटीला तिथे भीती वाटते. माझ्यासाठी एक गाऱ्हाणं घाला. बाबांनाही बोलावून घ्या."

आणि घातलं की त्याने, तिथल्या तिथे! "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या बापाशीक पण हयसर घेवन ये रे म्हाराजा!" आणि रत्नप्रभावहिनी, गाऱ्हाण्याला होकार भरायची सवयच ती, पटकन म्हणाल्या, "होय म्हाराजा!"

जयवंतराव कसनुसं हसले. "माझी बदली? मिळतंय कु..." आणि तिथेच थांबले.

काल बँकेतून बदल्यांचा फॉर्म आलाय. तीन पसंतीक्रम. जयवंतराव पेनाला हात लावत नाहीत. मी खालचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, रकाना कोरा ठेवल्यास बँक ठरवील.

मी चहा अर्धा टाकून उठलो. दारात वहिनींनी हातात किल्ली ठेवली, मुलुंडच्या घराची. "भाऊजी, असू दे तुमच्याकडे. घर बंद राहिलं तर संध्याकाळचा दिवा तेवढा..." मी म्हणणार होतो, वहिनी, बदली काय लगेच, मिळतंय कु... आणि तुम्हाला सांगतो, जीभ चावली. गुपचूप किल्ली घेतली आणि येताना वाती आणल्या.