गुरुजींच्या काठ्यांचे पट्टे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख नागुमोसान. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते स्की-शाळेचे तोगाशी गुरुजी. मघापासून त्यांच्या कोटाची कॉलर सारखी करणाऱ्या फुसाए वहिनी. व्यासपीठावरील मान्यवर, आणि प्याले भरून ताटकळत बसलेल्या बंधुभगिनींनो,

बिअरचा फेस बसायच्या आत आटपतो, असं मी अध्यक्षांना कबूल केलं होतं. ते काही जमणार नाही. माफ करा, नागुमोसान.

मी शाळेत फार टिकलो नाही. लोकांच्या स्कीच्या कडा घासत घासत दुकान उभं केलं. ह्या धंद्यात कान लागतो. कानशीच्या आवाजावरून धार कुठे बोथट आहे ते मला कळतं. गिऱ्हाईक काय बोलतंय ते कळतं, काय गिळतंय तेही कळतं. निदान असा माझा समज होता. तो गेल्या महिन्यात इस्पितळाच्या बाकावर मोडला.

गुरुजींनी ह्या गावाला काय शिकवलं? स्कीच्या काठीला मुठीपाशी मनगटाचा पट्टा असतो, त्यात हात खालून घालायचा, मग पट्ट्यासकट मूठ आवळायची. कसाही घातलात, तर पडताना अंगठा गेलाच म्हणून समजा. आणि एकदा घातलेला हात डोंगर उतरेपर्यंत काढायचा नाही, कारण इथल्या बर्फात सुटलेली काठी वसंतात रानभाजी खुडतानाच सापडते. आखलेल्या उतारावर ह्यातलं काहीच चूक नाही.

गेल्या महिन्यात गुरुजी देवदारांच्या झाडीत शिरले. आपल्याला ठाऊक आहे, दाट फांद्यांखाली बुंध्याभोवती बर्फ भरत नाही. खाली पोकळी आणि वर भुसभुशीत झाकण. गुरुजी त्यात उलटे गेले. डोकं खाली, स्की वर. दोन्ही काठ्या फांद्यांत अडकलेल्या आणि दोन्ही मनगटं पट्ट्यांत. तोंडापुढचा बर्फ बाजूला करायचा, तर हात होते कुठे? डोंगरावर गस्त घालणाऱ्या ओत्सुकाला स्कीची टोकं दिसली म्हणून वाचले. त्यानं आधी तोंडापुढचा बर्फ उपसला, मग चाकूनं पट्टे कापले. ओठ जांभळे पडले होते.

इस्पितळात ओत्सुका माझ्या शेजारी बसून रडत होता.

"काका, गुरुजींनी झाडीत पट्टे का हो घातले?"

"का म्हणजे? त्यांनीच तर शिकवलंय."

"अहो, पण झाडीत कुणीच घालत नाही!"

"कुणीच म्हणजे?"

"कुणीच! गस्तीतलं नाही, शाळेतले मास्तर नाहीत. फांदीत काठी अडकली तर खांदा निखळतो. हिमलोट आला तर काठ्या माणसाला खाली ओढतात. झाडीत काढायचे, लिफ्टवर बसताना काढायचे, हे सगळ्यांना माहितीये."

"मग मी तर तुम्हाला कायम पट्ट्यातच बघत आलोय!"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "गुरुजी दिसले की घालतो ना परत."

मंडळी, मी बाकावरून उठलो आणि पुन्हा बसलो. अख्ख्या गावाला ठाऊक, फक्त मला आणि गुरुजींना नाही! का? तर त्यांना वाईट वाटेल म्हणून. इतके आपण सभ्य! ह्या सभ्यपणानं त्यांना त्या खड्ड्यात उलटं टांगलं.

आणि आज गुरुजी का निघालेत? "पाय म्हातारे झाले," म्हणाले. आपण काय केलं? माना डोलावल्या आणि हा हॉल ठरवला! अहो, पायांना काय धाड भरलीये? तो खड्डा ओत्सुकालाही दिसला नसता. फक्त त्याचे हात मोकळे असते.

नागुमोसान, माझी बाही ओढू नका.

झाडीत जे पट्ट्यातून हात काढतात, त्यांनी आत्ता हात वर करा बघू. चटईकडे बघून चालणार नाही. हं, ओत्सुका, शाब्बास. शाळेचे मास्तर... सगळेच? मागची रांगच्या रांग! अध्यक्ष महाराज, तुम्हीसुद्धा? बाही सोडलीत ती ह्यासाठी होय! आणि... अरे देवा. वहिनी, तुम्ही?

काय म्हणता? "हे जेवतानाही पट्ट्यांवरच बोलतात, मला मध्ये शिरायला जागा कुठे होती?"

हसू नका. गुरुजी उभे राहिलेत. शांत बसा जरा, ऐकू द्या.

"मूर्खांनो" म्हणाले! ऐकलंत? ह्या माणसाच्या तोंडून उभ्या जन्मात असा शब्द आला नव्हता. पुढे काय, गुरुजी? "उद्या सकाळी सगळ्यांनी देवदारांपाशी यायचं. पट्टे काढून कसं उतरता ते मला करून दाखवायचं. उशिरा येईल त्याला परत धाडीन."

संपलं तर मग. निरोपाच्या समारंभाचं मी वाटोळं केलं, हे मान्य. एवढं ऐकून घेतल्याबद्दल तुमचे आभार, आणि सकाळपासून चुलीपुढे राबणाऱ्या बायकांचे त्याहून जास्त. वयानं, मानानं मोठ्या माणसांना काही लागेल असं बोललो असेन, तर पोटात घाला. गुरुजींची माफी मात्र मी एकटा मागणार नाही. ती उद्या झाडीत शिरायच्या आधी सगळ्यांनी मिळून मागायची आहे, मोकळ्या हातांनी.