धारगळ फीडरवरची चाळीस मिनिटं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या खात्याचे कार्यकारी अभियंता माननीय श्री. गोकुळदास शेट्ये साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेल्या सरपंच महोदया, सत्कारमूर्ती लाईनमन सगुण परब, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या कडेवर संकोचून बसलेल्या सुमंगलावहिनी, पहिल्या रांगेतली त्यांची कन्या सुविधा, खात्यातले माझे बंधू, मीटर वाचणाऱ्या भगिनी, आणि पंख्याखाली जागा मिळाली म्हणून शेवटपर्यंत बसणार असलेले तमाम धारगळकर, आपणा सर्वांना या जयराम गावसचा नमस्कार.

मी उपकेंद्रात ऑपरेटर आहे. म्हणजे वीज गेली की तुम्ही ज्याला फोन करता आणि जो उचलत नाही, तो मी. त्यामुळे माझा आवाज आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आज पहिल्यांदाच ऐकला असेल.

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात सगुणविषयी चार चांगले शब्द बोलायचे आहेत आणि एक असा बोलायचा आहे, जो दोन वर्षं माझ्या घशात अडकून बसला आहे. त्याच्यावर एका माणसाची नोकरी अवलंबून आहे. तो माणूस आज इथं नाही. कनिष्ठ अभियंता गौरेश मांद्रेकर. घर मांद्र्याला, बदली काणकोणला. गोव्याच्या नकाशात एक वरचं टोक आणि एक खालचं. घरी आई एकटी. तो तिकडं का गेला हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, असं आपणा सर्वांना वाटतं. त्यानं राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी देणार आहे, आणि आज शनिवार. पण आधी सत्कारमूर्ती, नाहीतर वहिनींना राग येईल.

सगुण खात्यात लागला तो गोवा घटक राज्य झाल्याच्या दुसऱ्या वर्षी. तीस वर्षांत त्याच्या लाईनवर एकालाही झटका बसला नाही. कारण काय? परमिट. खांबाला हात लावण्याआधी तो मला फोन करणार, "जयराम, अमुक फीडर बंद कर, माणूस एक." मी ते शब्द परत म्हणणार, फीडर म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाईन बंद करणार, "माणसं कामावर आहेत" ही पाटी लावणार, वहीत नोंद करणार. काम झालं की पुन्हा फोन, "एक वर गेलो, एक खाली आयलो." हे ऐकल्याशिवाय मी लाईन सोडायची नाही, म्हणजे वीज परत द्यायची नाही. मग मंत्र्याचा फोन येवो की महादेवाचा. आम्हा दोघांची तीस वर्षांची मैत्री आहे, पण तुम्हाला सांगतो, निम्मं संभाषण एवढंच झालंय.

हसू नका. उपकेंद्रात यायच्या आधी मी त्याच्या हाताखाली लाईनवर होतो. हळर्णला एकदा भूक लागली म्हणून मी परमिटाची वाट न बघता शिडीवर पाय ठेवला. यानं मला शर्टाला धरून खाली ओढलं. शर्ट फाटला, मी शिव्या दिल्या. लाईन चालू होती. आज मला दोन मुलं आहेत, ती त्या फाटक्या शर्टाची आहेत असं मी मानतो.

तर असा हा सगुण. तीस वर्षं खांबावर चढला आणि दोन वर्षांमागं पाय मोडला कुठं, तर तुळशीला पाणी घालताना शेवाळावरून घसरून. दोन महिने प्लॅस्टर. पाचव्या दिवशी हा कुबडी घेऊन अंगणातल्या माडाकडं बघायला लागला, तेव्हा सुविधा घाबरली आणि तिनं एक खेळ आणून टीव्हीला जोडला. म्हणाली, "बाबा, चडूचा आसात तर हेच्यात चडा."

आता त्या खेळाविषयी. सत्कारात फक्त गुण सांगायची रीत आहे, पण खेळ निवृत्त होत नाही, तेव्हा त्याचे दोषही सांगू. त्यात एक अख्खं शहर आहे, आपल्या पेडण्यासारखं दोन पावलांत संपणारं नव्हे. त्यात निळ्या कपड्यांतला एक बाप्या आहे. तो उडतो, भिंतीवर चढतो, मोटार उचलून फेकतो. त्याला कुठंही जायची मोकळीक. कुंपण नाही, गडगा नाही, "खंय चल्लो रे?" असं विचारणारं कोणी नाही. मीही खेळून बघितला. मी पहिला तासभर फक्त समुद्रावर फिरलो. तिथला उजेड असा, की डोळे निवतात.

आणि उंची! बाप्याला गच्चीवर नेलं की वारा कानात वाजतो, खाली रस्ते दोरीएवढे होतात. सगुण मला एकदा हळूच म्हणाला, "जयराम, खांबावयल्यान दिसता तसाच दिसता रे." त्याचे डोळे भरले होते. पुढं निवृत्ती आहे आणि आता खांब नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

पण दोष? ते सगुणनं आमच्या खात्याच्या तक्रार वहीत लिहून काढले. वही मी बघितली आहे. तारा खांबांना धरून आहेत, पण ट्रान्सफॉर्मर कुठंच नाही, मग वीज येते कुठून? पिवळ्या झग्यातली एकच बाई सात रस्त्यांवरून एकाच वेळी धावते. मारामारी ऐन रंगात आली की दृश्य भिंतीच्या मागं जातं आणि आपण विटा बघत बसतो. काम तेच तेच, तिकडं जा, आठ गुंडांना मार, परत ये, पुन्हा तिकडं जा. यावर सगुणचा शेरा, "आमच्या खात्यासारखांच." साहेब, शेरा त्याचा आहे, मी फक्त वाचला.

सगळ्यात मोठा दोष मात्र हा, की बाप्या हातमोजे न घालता तारांवरून धावतो. सगुणला ते बघवेना. त्यानं त्याला तारेवर जाऊच दिलं नाही. जगाचा तारणहार पदपथावरून चालायला लागला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघायचा. शहर जळत असायचं आणि हा सिग्नलला उभा.

असे दिवस गेले आणि मग गाडी अडली. दुष्टानं एका उंच टॉवरच्या टोकाला यंत्र बसवलेलं, ते काढल्याशिवाय गोष्ट पुढं सरकेना. आठ दिवस पडद्यावर "वर चढ, वर चढ" असं यायचं आणि बाप्या टॉवरखाली हात बांधून उभा. वहिनी म्हणाल्या, "चडय रे मरे त्याका एकदा." हा म्हणाला, "परमिट नाय."

सभ्य स्त्री-पुरुषहो, नवव्या दिवशी सकाळी अकराला त्यानं मला फोन केला.

"जयराम, धारगळ फीडर बंद कर. टॉवरार चडूचा आसा. माणूस एक."

मी म्हटलं, "धारगळ फीडर बंद. माणूस एक." आणि बंद केला.

सगुण रजेवर होता हे मला ठाऊक नव्हतं का? आदल्याच दिवशी मी त्याच्या प्लॅस्टरवर सही करून आलो होतो. पण तो आवाज आणि ते शब्द कानावर पडले की माझा हात डोक्याला विचारत नाही. पाटी लावली. वहीत नोंद करायला पेन उघडलं, तेवढ्यात पुन्हा फोन.

"जयराम, माणूस दिसना."

"दिसना म्हणजे?"

"हांगाच होतो. तू लायन बंद केलस आनी तो गेलो."

"पडलो?"

"पडलो आसतो तर दिसलो आसतो मरे!"

एक माणूस वर आणि खाली कोणी नाही. अशा वेळी लाईन सोडणं म्हणजे खून. मी म्हटलं, "सगुण, माणूस सापडल्याशिवाय मी लाईन सोडणार नाही." तो म्हणाला, "सोडूंच नको." म्हणजे बघा, सगुणचं घरही त्याच फीडरवर; बाप्या खाली उतरल्याशिवाय मी वीज देणार नव्हतो, आणि मी वीज दिल्याशिवाय बाप्या टीव्हीत उगवणार नव्हता. दोघेही नियमाला धरून, आणि तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही नियम एवढा कडक कधी पाळला नव्हता.

छत्तीस मिनिटं हे चाललं. मी शोधायला जीप पाठवायच्या बेतात होतो, एवढ्यात वहिनींनी फोन ओढून घेतला. "भावजी, लायट सोडा. तो माणूस टीव्हीतलो."

मी म्हटलं, "वहिनी, नियमाप्रमाणं खाली आल्याचा निरोप हवा."

तो येईपर्यंत सोडायची नाही म्हणून मागून सगुण ओरडत होता, "तो येयसर सोडूंक जावची ना!"

वहिनींनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "एक वर गेलो, एक खाली आयलो. सुमंगला परब बोलतंय. आता सोडतास काय मी थंय येव?"

मी चार मिनिटं विचार केला आणि लाईन सोडली. तिकडं टीव्ही लागला आणि खेळ पहिल्यापासून सुरू झाला. मधलं सगळं काम पुसलं गेलं होतं. ज्यांनी तो खेळ केला त्यांच्या गावात वीज जात नसावी, एवढंच मी म्हणेन.

इथपर्यंत आपण हसलात. मला बरं वाटलं. आता अध्यक्ष महाराज, तुमच्याकडं वळतो.

त्याच दिवशी सकाळी अकराला, इथून चार पावलांवरच्या मैदानात, आपल्या शुभहस्ते "अखंड वीजपुरवठा सप्ताहा"चं उद्घाटन होतं. दिव्यांच्या पाटीवर "अखंड" अशी अक्षरं होती. ती लावणारं बटण गौरेशनं स्वतः जोडलं होतं, नवा शर्ट घालून, आईला पुढच्या रांगेत बसवून. आपण बटण दाबलंत आणि अख्ख्या धारगळची वीज गेली. आपण पुन्हा दाबलंत. तिसऱ्यांदा आपण जरा रागानं दाबलंत. चाळीस मिनिटांनी वीज आपोआप आली तेव्हा आपण भाजीपाव खात होता आणि बटणाला कोणी हातही लावला नव्हता. तेव्हा दोष बटण जोडणाऱ्याचा, असं आपण म्हणालात. साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

पण तुमच्या जागी मी नव्हतो. मी माझ्या जागी होतो, उघडं पेन हातात घेऊन. बातमी कळली आणि मी पेन मिटलं. चौकशीच्या कागदावर लिहिलं, "कारण समजले नाही." सगुणची निवृत्ती जवळ आली आहे, त्याच्या कोऱ्या नोकरीवर डाग नको, असं मी मनाला सांगितलं. खोटं. मला माझ्या नोकरीचं भय वाटलं. आणि प्लॅस्टर घालून घरी पडलेल्या सगुणला मी सांगितलं, की काणकोणची बदली गौरेशनंच मागून घेतली.

सगुण, बस. शाल पडली बघ तुझी. बस रे, तुला हे आत्ता कळतंय हे मला दिसतंय. तू परमिट मागितलंस आणि तुझा माणूस वर होता असं तू मनापासून मानत होतास. ते द्यायचं की नाही हे बघणं माझं काम होतं. वहिनी, त्याला धरा जरा.

गौरेश ते बटण काणकोणला घेऊन गेला आहे. जेवल्यावर रोज ते उघडतो, तारा तपासतो, परत मिटतो. परवा मला म्हणाला, "जयरामदादा, दोन वर्षं झाली, चूक कुठं झाली ते सापडत नाही. ज्याला एक बटण कळत नाही त्यानं या खात्यात राहू नये." म्हणून तो राजीनामा. मी त्याला जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला. साहेब, त्या दिवसाइतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

ही उपकेंद्राची वही मी सोबत आणली आहे. त्या तारखेची ओळ मी दोन वर्षं रिकामी ठेवली होती, ती आज सकाळी भरली. वाचून दाखवतो. "अकरा ते अकरा चाळीस, धारगळ फीडर बंद. परमिट मागणारा सगुण परब, रजेवर. देणारा जयराम गावस, शुद्धीवर." खाली माझी सही आहे आणि आजची तारीख आहे. ही वही मी अध्यक्षांच्या पुढ्यात, फुलांच्या शेजारी ठेवतो. कुणाला काणकोणला पाठवायचंच असेल तर माझी तयारी आहे. सामान थोडं आहे.

मला बोलायची संधी दिलीत, पाच मिनिटांची पंधरा होऊ दिलीत, त्याबद्दल आयोजकांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. सगुणला आणि वहिनींना दीर्घायुष्य लाभो. बोलण्याच्या ओघात कुणाचा उपमर्द झाला असेल, शब्द कमी-जास्त गेला असेल, तर आपलं माणूस म्हणून तेवढं पोटात घाला. ती चाळीस मिनिटं मात्र पोटात घालू नका, ती माझ्या नावावर घाला.

आणखी एकच. माझ्या खिशातला फोन मघापासून चालू आहे, तो शिष्टाचाराला धरून नाही, याचीही क्षमा असावी. काणकोणला आवाज नीट पोचला की नाही ठाऊक नाही, म्हणून माईकजवळ धरतो.

गौरेश, बटण बरोबर होतं रे. तू जोडलेलं बटण पहिल्यापासून बरोबर होतं.