भिंतीपलीकडचं बाळंतपण

मी मूळची नागपूरची, जुन्या महाल भागातली. आमच्याकडे गल्लीतून गल्ली निघायची, एकीच्या अंगणातून दुसरीच्या परसात जायचं, जाता जाता चहाही व्हायचा. दोन हजार एकला इथे अमेरिकेत, चँडलरला मिलिंदकडे, माझ्या मुलाकडे आले, आणि काय सांगू तुला, रस्ते एवढाले मोठे, पण आमचा रस्ता पुढे जाऊन गोल फिरायचा आणि तिथेच संपायचा. मागे कापसाचं शेत होतं. ते पाहून बरं वाटायचं, विदर्भातल्यासारखं. मग तेही गेलं, तिथे घरं उठली आणि मध्ये डोक्याइतकी भिंत.

त्या भिंतीपलीकडे एक दिवस कोणी पोरगी मराठीत रडून राहिली होती. फोनवर म्हणत होती, आई, तुझा व्हिसा परत नाकारला, आता माझं बाळंतपण कोण करणार. मी इकडूनच म्हटलं, मी करीन, आधी रडणं थांबव. घाबरलीच ती. पल्लवी तिचं नाव, पुण्याची.

मुलगी झाली. रोज बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, पल्लवीला गरम आळिवाची खीर द्यायची. घरं पाठीला पाठ लावून, पण तिच्या दारी जायचं तर आमच्या कॉलनीतून बाहेर, मग मोठा रस्ता, त्याला फूटपाथ नाही, मग तिच्या कॉलनीचं गेट आणि आत फिरत राहायचं. त्या उन्हात पायी कोण जाणार, आणि गाडी मला येत नव्हती. मग मी शिडी लावली. साडी खोचून इकडून चढायचं, तिकडे तिच्या नवऱ्याने, नितीनने, टेबल ठेवलेलं. आधी खीर भिंतीवर, मग मी. पहिल्याच दिवशी ओव्याची धुरी दिली तर छतावरचा अलार्म बोंबलायला लागला, नितीन उशीने वारा घालून राहिला, आणि बाळ आपलं शांत झोपलेलं.

मग कॉलनीच्या असोसिएशनची चिठ्ठी आली, भिंतीवरून ये-जा बंद. मिलिंद म्हणाला, आई, इथे लोक पोलीस बोलावतात. मी म्हटलं, मला मीटिंगला ने. तिथे त्याला विचारायला लावलं, भिंतीत एक लहानसं फाटक करा, हवं तर कुलूप लावा. एक बाई, चेहऱ्याने भली, म्हणाली, फाटक केलं तर अनोळखी लोक येतील. मिलिंदने ते मला मराठीत सांगितलं आणि मान खाली घातली.

पल्लवी म्हणाली, राहू द्या मावशी, तुम्हाला त्रास नको. पण सव्वा महिना व्हायचा होता ना. मी बॅग भरली आणि तिच्याकडे राहायलाच गेले. तिच्या वरच्या खिडकीतून मला माझ्या मुलाचं स्वयंपाकघर दिसायचं, तो एकटा टोस्ट खाताना दिसायचा, आणि संध्याकाळी तोच गाडी काढून, एवढा वळसा घालून, आईला भेटायला यायचा.

नंतर मी गाडी शिकले, लायसन्स काढलं. आता गिल्बर्ट, मेसा, आजूबाजूच्या गावांत जिथे मराठी बाळ होईल तिथे मीच जाते, फ्रीवेवरूनही. पण सकाळ कशी गेली कळायचं नाही, ते शिडीचे दिवस तेवढेच.

यंदा नितीनची नोकरी गेली, ती मंडळी लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला मॉरिसव्हिलला गेली. परवा पल्लवी फोनवर सांगत होती, मावशी, इथे घरामागे भिंत नाही, नुसती झाडं आहेत. मी विचारलं, झाडांपलीकडे कोण राहतं. म्हणाली, माहीत नाही, अजून कोणी दिसलंच नाही.

मी म्हटलं, पोरी, एकदा जाऊन बघ. मिळो तिला कोणी.