गवतातला चेंडू

माझ्या गोल्फला हसता ना, मग परवाचं ऐका. फौजेत असताना साहेबांबरोबर खेळायला शिकलो होतो. पुढे भातसानगरला नोकरी लागली आणि गोल्फच्या काठ्या वीस वर्षं माळ्यावर पडल्या. पन्नाशीत पुन्हा हुक्की आली. मुरबाडला सासऱ्यांच्या भातकापणी झालेल्या शेतात दोन महिने सराव केला आणि नाशिककडच्या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत नाव दिलं. माझी बायको सुनंदा पहिल्यांदाच खेळ बघायला आली.

शेवटचा खड्डा राहिला, तेव्हा मी पहिल्या नंबरच्या बरोबरीत होतो. चेंडू उंच गवतात पडलेला. मी काठी टेकवायला गेलो आणि तिचा धक्का लागून चेंडू जरासा हलला. असं झालं की एक फटका दंड असतो. बाकीचे खेळाडू लांब होते. मान वर केली, तर समोर फक्त सुनंदा. मी हात वर करून बाकीच्यांना बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. त्या एका फटक्याने कप गेला.

परतताना कसाऱ्याचा घाट उतरल्यावर सुनंदा म्हणाली, "चेंडू हालला त्यो कोनी पायला व्हता?"

"नाय."

"मंग सांगितलात कशाला?"

"तू बघत व्हतीस ना. तुझ्यासमोर खोटा कसा खेळू?"

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अवो, मी तर तवा मोबाइलवर भाचीच्या बारशाचे फोटो बघत व्हते."