मिठीचं इंजेक्शन

अगं, आमची मिठी, म्हणजे आमची कॉकाटील जातीची छोटी पोपटीण, नर नसतानाही अंड्यांमागून अंडी घालत सुटलेली. अंगातलं कॅल्शियम संपून तिचे पाय लटपटायला लागले, तेव्हा सासू-सासऱ्यांना घेऊन मी डोंबिवलीहून ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी थांबवू. नाहीतर एखादं अडकून जीव जाईल."

सासरे म्हणाले, "नको. निसर्गाच्या मध्ये आपण कशाला पडायचं?"

त्यांच्यापुढे कधीच न बोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "चार बाळंतपणं मी सोसलीत, तुम्ही नाही. डॉक्टर, द्या इंजेक्शन."

मिठी आता ठणठणीत आहे. पण त्या दिवशी परतताना रिक्षात सासऱ्यांनी हळूच विचारलं, "तुला खूप त्रास झालेला का गं?"

मांडीवरचा पिंजरा सावरत सासूबाई म्हणाल्या, "हे तेव्हा विचारायचं होतंत!"